सासनाचे रक्षण आणि मुद्रणाचे बंधन : ब्रह्मदेशातील ‘इरावदी’ नियतकालिकाचा इतिहास

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ज्यांनी त्रिशरण आणि पंचशील दिले, ते पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशातील अराकान प्रांताचे होते. त्यापूर्वी दोन वर्षे, डिसेंबर १९५४ मध्ये, रंगून येथे जागतिक बौद्ध परिषदेचे तिसरे अधिवेशन भरले तेव्हा बाबासाहेब स्वतः तेथे उपस्थित होते. त्याच काळात रंगूनमध्ये सहावी धम्मसंगीती चालू होती. त्यामुळे ब्रह्मदेशाचे नाव निघाले की आपल्या मनासमोर श्वेडगोन चैत्य, पहाटे भिक्षाटनास निघालेल्या भिक्खूंच्या रांगा आणि विपस्सनेची केंद्रे उभी राहतात.

हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. ज्या सेनाधिकाऱ्यांनी १९९९ मध्ये श्वेडगोनच्या शिखरावर नवे रत्नजडित छत्र चढविले, त्यांच्याच राजवटीत त्या देशातील प्रत्येक मासिकाचे प्रत्येक पान सरकारी तपासनिसाच्या हाताखालून जात होते. आपण राष्ट्राचे आणि सासनाचे रक्षक आहोत, असे हे राज्यकर्ते सतत सांगत आले. तेव्हा बौद्ध वाचकांपुढे एक प्रश्न उभा राहतो : सासनाचा रक्षक म्हणविणाऱ्या राजसत्तेस टीका बंद करण्याचा अधिकार धम्मातून मिळतो काय? ‘द इरावदी’ या वृत्तनियतकालिकाचा इतिहास या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे. इरावदी म्हणजे त्या देशाची जीवनवाहिनी असलेली इरावती नदी. तिचेच नाव या पत्राने घेतले.

प्रारंभ मात्र बराच मागे जाऊन केला पाहिजे. मंडालेचा राजा मिंडॉन याची कारकीर्द १८५३ ते १८७८ अशी आहे. बौद्ध जगतास तो दोन कारणांनी माहीत आहे. त्याने मंडाले येथील कुथोडॉ चैत्याच्या परिसरात संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून घेतले आणि १८७१ मध्ये पाचवी संगीती भरविली. त्याचे तिसरे कार्य मात्र फारसे सांगितले जात नाही. १८७३ मध्ये त्याने वृत्तपत्रांसाठी सतरा कलमांचा एक कायदा केला व पुढील वर्षी मंडालेहून ब्रह्मी भाषेत पत्र निघू लागले. या कायद्याचा जो आशय परंपरेने सांगितला जातो तो असा की, राजाचे चुकले तर राजाविरुद्ध लिहावे, राण्यांचे व राजपुत्रांचे चुकले तर त्यांच्याविरुद्ध लिहावे, न्यायाधीश व नगराधिकारी चुकले तर त्यांच्याविरुद्धही लिहावे; खरे लिहिल्याबद्दल पत्रकर्त्यास कोणी त्रास देऊ नये आणि त्याला राजवाड्यात मुक्त प्रवेश असावा. त्रिपिटक शिळेवर कोरून घेणाऱ्या राजाच्या नावावर असा कायदा असावा, ही गोष्ट योगायोगाची नाही, असे आम्हांस वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

१८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि मिंडॉनच्या कायद्यास अर्थ उरला नाही. ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग झाला व १९३७ पर्यंत तसाच राहिला. त्यामुळे हिंदुस्थानची दंडसंहिता तेथेही लागू झाली. राजद्रोहाचे कलम १२४-अ, समाजात भीती व असंतोष पसरविण्यासंबंधीचे कलम ५०५, १९२७ मध्ये घातलेले धार्मिक भावना दुखावण्याचे कलम २९५-अ, ही सर्व त्याच क्रमांकांनी ब्रह्मदेशाच्या कायद्यात आली आणि स्वातंत्र्यानंतरही राहिली. पुढील इतिहासात हे आकडे पुन्हा पुन्हा भेटणार असल्यामुळे वाचकांनी ते लक्षात ठेवावेत.

मराठी वाचकास मंडालेचे नाव माहीत आहे ते लोकमान्य टिळकांमुळे. ‘केसरी’तील लेखांबद्दल १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा होऊन त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले व १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली. मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासात या शिक्षेचे स्थान आहेच. पण याच ‘केसरी’ने १९२० मध्ये ‘मूकनायक’ पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास नकार दिला, आणि तेव्हा टिळक हयात होते, ही नोंद चरित्रकार धनंजय कीर यांनी केलेली आहे. सरकार तोंड बंद करते तसा समाजही करतो. आपल्या वाचकांस ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. परंतु ब्रह्मदेशाच्या कथेतही ती पुढे येते, म्हणून येथे तिचा उल्लेख केला.

ब्रह्मदेशात इंग्रजी कायद्याचा मार प्रथम बसला तो भिक्खूंना. ऊ ओत्तम या भिक्खूला १९२१ मध्ये राजद्रोहाखाली तुरुंगात टाकण्यात आले. ऊ विसार या भिक्खूने तुरुंगात चीवर धारण करण्याच्या हक्कासाठी १६६ दिवस उपोषण केले व १९ सप्टेंबर १९२९ रोजी प्राण सोडला. काषायवस्त्र आणि राजद्रोहाचे कलम यांची गाठ अशी जुनी आहे.

१९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला. बाबासाहेब रंगूनला गेले तो काळ पंतप्रधान ऊ नू यांचा. त्या काळात ब्रह्मदेशातील पत्रसृष्टी आशियातील बरीच मोकळी पत्रसृष्टी समजली जाई. ‘द नेशन’ या इंग्रजी दैनिकाचे एडवर्ड लॉ-योन यांना १९५९ मध्ये मॅगसेसे पारितोषिक मिळाले. तरीही चित्र अगदी स्वच्छ नव्हते. मंडालेतील ‘लुडू’ या पत्राचा छापखाना १९४९ मध्ये सरकारी सैनिकांनी स्फोटाने उडवून दिला होता, आणि १९५४ मध्ये रंगूनला जागतिक परिषद भरली तेव्हा त्याचे संपादक ऊ ह्ला तुरुंगात होते. ‘लुडू’ या शब्दाचा अर्थ जनता. बाबासाहेबांच्या साप्ताहिकाचेही नाव तेच होते. ऊ नू स्वतः श्रद्धाळू उपासक होते, पण तुरुंगाचे दार त्यांनीही वापरले. बौद्ध राज्यकर्त्याच्या वैयक्तिक शीलावर पत्रस्वातंत्र्य सोपवून चालत नाही, हे त्या वेळीच दिसून आले होते.

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली. त्याच वर्षी मुद्रक व प्रकाशक नोंदणी कायदा झाला. पुढील पन्नास वर्षे ब्रह्मदेशातील वाचनावर या एका कायद्याची सत्ता होती. १९६३ मध्ये ‘द नेशन’ बंद झाले व लॉ-योन यांना अटक झाली. दशक संपेपर्यंत खाजगी दैनिके एक तर सरकारजमा झाली किंवा बंद पडली. ‘लुडू’ १९६७ मध्ये बंद झाले. खाजगी हातांत राहिली ती मासिके, आणि पुढे साप्ताहिके. त्यांच्यासाठी तपासणी मंडळ होते.

या मंडळाची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. मासिकाचा अंक प्रथम छापावयाचा, बांधावयाचा आणि मग त्याच्या प्रती मंडळाकडे न्यावयाच्या. एखादा मजकूर आक्षेपार्ह ठरला तर छापून तयार असलेल्या हजारो प्रतींतून ते पान फाडून काढावे लागे, किंवा त्या ओळींवर काळी अथवा रुपेरी शाई फासावी लागे. खर्च प्रकाशकाचा, श्रम प्रकाशकाचे. त्यामुळे तपासनिसाच्या आधी संपादकच भिऊन कात्री चालवीत असे. ब्रह्मी साहित्याच्या अभ्यासक ॲना ॲलट यांनी १९९३ मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच शाई फासलेली आणि फाडलेली पाने आहेत. पुढे साप्ताहिकांचा मजकूर छापण्यापूर्वीच तपासला जाऊ लागला आणि लाल खुणा केलेले कागद परत येऊ लागले.

लेखकांनीही वाटा शोधल्या. जानेवारी २००८ मध्ये सॉ वाय या कवीने एका साप्ताहिकात प्रेमकविता छापली. तिच्या ओळींचे पहिले शब्द एकाखाली एक वाचले की सत्ताधीश थान श्वे यांच्या सत्तालोभाचा उद्घोष होत असे. अंक हातोहात खपला आणि कवीस दोन वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये आंग सान सू की यांची नजरकैदेतून सुटका झाली तेव्हा एका क्रीडा साप्ताहिकाने इंग्लंडमधील फुटबॉल सामन्यांच्या निकालांचा मथळा छापला. मथळ्यातील काही अक्षरे वेगळ्या रंगात होती, आणि तेवढीच वाचली असता सू मुक्त झाल्या, एक व्हा, पुढे चला, असा संदेश निघत होता. साप्ताहिक दोन आठवडे बंद ठेवण्यात आले.

या काळातील एका व्यक्तीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विन तिन हे मंडालेच्या ‘हंथावडी’ दैनिकाचे संपादक होते. १९८८ च्या लोकआंदोलनानंतर ४ जुलै १९८९ रोजी त्यांना अटक झाली आणि सुटका झाली २३ सप्टेंबर २००८ रोजी. एकोणीस वर्षे. तुरुंगात कागद नव्हता, लेखणी नव्हती. विटेची भुकटी पाण्यात कालवून ते कोठडीच्या भिंतीवर लिहीत. सुटल्यावरही त्यांनी कैद्याचा निळा सदरा टाकला नाही. सर्व राजबंदी सुटेपर्यंत आपण तो घालणार, असे ते म्हणत. २१ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

‘इरावदी’चा जन्म १९८८ च्या त्याच आंदोलनातून झाला. आंग झॉ हा तेव्हा वीस वर्षांचा रंगूनचा विद्यार्थी होता. अटक आणि मारहाण त्याच्या वाट्यास आली होती. १८ सप्टेंबर १९८८ रोजी सैन्याने पुन्हा सत्ता हाती घेतली आणि हजारो तरुण थायलंडच्या सीमेकडे निघाले, त्यांत तोही होता. बँकॉकमध्ये त्याने प्रथम बातम्या गोळा करून परदेशी पत्रांस पुरविण्याचे काम केले व १९९३ मध्ये ‘द इरावदी’ सुरू केले. पुढे त्याचे कार्यालय उत्तर थायलंडमधील चियांग मायला गेले. देशातील पत्रांना मजकूर तपासनिसापुढे ठेवावा लागे, पण सीमेपलीकडील या पत्रावर तो हात पोहोचत नव्हता. मात्र त्याची किंमत होती. पत्राचा वाचक देशात आणि पत्र देशाबाहेर, अशी ही ताटातूट होती. देशातील वार्ताहरांना नाव लावता येत नसे. दूरध्वनीवरील एका वाक्यासाठी तुरुंगाची जोखीम घ्यावी लागे. पत्रातील बातम्या परदेशी नभोवाणी केंद्रांच्या ब्रह्मी कार्यक्रमांतून देशात परत जात. सरकारी दैनिक त्या काळात परदेशी नभोवाण्यांवर आभाळभर खोटे पसरविल्याचा आरोप करणारी घोषणा नित्यनेमाने छापीत असे. नभोवाणी किती ऐकली जात होती, याचा याहून चांगला पुरावा नाही.

‘इरावदी’ स्वतंत्र होते काय, हा प्रश्न तिच्या विरोधकांनी वारंवार विचारला आहे. पत्राचा खर्च मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील संस्थांच्या देणग्यांतून चालत असे. सेनाधिकारी यावरून तिला परकीयांचे हस्तक म्हणत. प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्याच्या हाती थैली त्याच्या हाती थोडाफार लगाम असतोच. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत गोठविली तेव्हा ब्रह्मदेशाच्या निर्वासित पत्रांवर मोठे संकट कोसळले. पण ज्या देशात जाहिरात, कागद आणि छापखाना हे तिन्ही सरकारच्या परवानगीवर अवलंबून, तेथे देणगी न घेता निघणारे पत्र सरकारचेच असणार. ‘मूकनायक’ निघाला तोही छत्रपती शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्यावर. पत्राचा न्याय त्याने छापलेल्या मजकुरावरून करावा.

आता भिक्खुसंघाकडे वळू. कारण ‘इरावदी’सारख्या पत्रांची खरी कसोटी भिक्खूंच्या आंदोलनाने लागली.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात पत्तनिक्कुज्जन, म्हणजे पात्र पालथे घालण्याचे कर्म सांगितले आहे. वड्ढ नावाच्या लिच्छवी उपासकाने दुसऱ्यांच्या सांगण्यावरून दब्ब मल्लपुत्त या निर्दोष स्थविरावर दुराचाराचा खोटा आरोप केला. चौकशीत आरोप खोटा ठरला, तेव्हा भगवंतांनी संघास वड्ढासाठी पात्र पालथे घालण्यास सांगितले. म्हणजे भिक्खूंनी त्याच्या घरचे दान घ्यावयाचे नाही, त्याच्याशी व्यवहार ठेवावयाचा नाही. हे कर्म रागाच्या भरात करता येत नाही. संघापुढे प्रस्ताव मांडून, संमती घेऊनच करता येते. ते कायमचेही नसते. वड्ढाने येऊन अपराध कबूल केला, क्षमा मागितली, आणि पात्र पुन्हा सरळ करण्यात आले.

बहिष्कार हा शब्द आपल्या समाजाच्या हाडांत भिनलेला आहे. गावकीची कामे नाकारली, मेलेले ढोर ओढण्यास नकार दिला, पाणवठ्यावर हक्क सांगितला, की दळण बंद, दुकान बंद, वाट बंद. तो बहिष्कार बलवानाने दुर्बलावर घातलेला असे आणि त्यात अपील नसे. विनयातील पालथे पात्र याच्या अगदी उलट दिशेने जाते. ज्याच्यापाशी एका पात्राखेरीज काही नाही, तो धनवान लिच्छवीचे दान नाकारतो. नाकारले जाते ते फक्त त्याचे पुण्य मिळविण्याचे साधन. त्याचे पाणी तोडले जात नाही की त्याची भाकरी हिरावली जात नाही. ‘बहिष्कृत भारत’ वाचलेल्या माणसास हा भेद चटकन उमगेल.

१९९० च्या ऑगस्टमध्ये मंडालेत सैनिकांनी गोळीबार केल्यानंतर तेथील भिक्खूंनी सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी पात्र पालथे घातले. ऑक्टोबरमध्ये सैन्याने विहारांवर धाडी घातल्या, अनेक भिक्खूंचे चीवर उतरविले व त्यांना तुरुंगात टाकले. हे सारे जगास फारच थोडे कळले. १९९० मध्ये ‘इरावदी’ अजून निघत नव्हती.

२००७ मध्ये तसे झाले नाही. इंधनाच्या दरवाढीविरुद्ध निदर्शने करणाऱ्या भिक्खूंना ५ सप्टेंबर रोजी पकोक्कू येथे सैनिकांनी मारहाण केली. भिक्खूंनी माफीसाठी १७ सप्टेंबरची मुदत दिली. माफी आली नाही. १८ तारखेपासून भिक्खू मेत्तसुत्ताचे पठण करीत रस्त्यांवर निघाले. काहींनी हातातील पात्रे पालथी धरली होती. सरकारी माध्यमांनी हे खरे भिक्खूच नव्हेत, तोतये आहेत, असे म्हटले. वड्ढाच्या कथेतील खोट्या आरोपाची येथे आठवण होते. २६ सप्टेंबरपासून लाठ्या आणि गोळ्या सुरू झाल्या; २७ तारखेस केंजी नागाई हा जपानी वृत्तछायाचित्रकार रंगूनच्या रस्त्यावर मारला गेला. देशातील अनाम वार्ताहरांनी लपवून घेतलेली चित्रे व वृत्ते चियांग माय आणि ओस्लो येथील निर्वासित वृत्तकेंद्रांकडे येत होती आणि तेथून जगभर जात होती. महिनाअखेरीस सरकारने देशाचे इंटरनेटच तोडले. ‘इरावदी’चे संकेतस्थळ त्याच दिवसांत विषाणू घालून बंद पाडण्यात आले, आणि पुढील वर्षी, आंदोलनास एक वर्ष पूर्ण होताना, ‘इरावदी’सह निर्वासित पत्रांच्या संकेतस्थळांवर पुन्हा मोठा हल्ला झाला. शाई आणि कात्रीची जागा नव्या साधनांनी घेतली होती.

हे आंदोलन वर्षावासात घडले. वर्षावास संपतो तो पवारणेने, आणि आमच्या विषयाचा गाभा पवारणेत आहे. मुक्त विचाराचा प्रश्न निघाला की आपण कालाम सुत्ताचा दाखला देतो. तो योग्यच आहे. परंतु कालाम सुत्त ऐकणाऱ्याने कसे तपासावे, हे सांगते. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने कसे वागावे, हे पवारणा सांगते. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खू, ज्येष्ठतम स्थविरापासून, संघास विनंती करतो की माझा काही दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा कोणास तशी शंका असेल तर करुणेने सांगावे. संयुत्त निकायातील पवारणा सुत्तात श्रावस्तीच्या पूर्वारामात स्वतः भगवंत पाचशे भिक्खूंपुढे बसून, माझ्या काया-वाचेत काही निंद्य दिसते काय, असे विचारतात. वृत्तपत्राच्या बातमीचे साहित्यही तेच असते : पाहिलेले, ऐकलेले आणि चौकशीस योग्य अशी शंका. मिंडॉनच्या कायद्याचा आशय म्हणजे राजाने केलेली पवारणाच नव्हे काय? २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या बैठकींत ठराव, गणपूर्ती, मतदान हे सर्व नियम होते, याची आठवण करून दिली होती. टीका ऐकण्याची रीत पाश्चात्त्यांकडून उसनी घेतली, असे म्हणणाऱ्या सेनाधिकाऱ्यांना त्यांच्याच देशातील ७२९ शिला उत्तर देतात.

२०११ मध्ये वारा फिरू लागला. तपासणी विभागाचे प्रमुख तिंत श्वे यांनीच त्या वर्षी परदेशी नभोवाणीस सांगितले की सेन्सॉरशिप रद्द झाली पाहिजे. ‘इरावदी’चे संकेतस्थळ देशात दिसू लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये आंग झॉ चोवीस वर्षांनी मायदेशी आले. २० ऑगस्ट २०१२ रोजी प्रसिद्धिपूर्व तपासणी बंद झाल्याची घोषणा झाली. १ एप्रिल २०१३ पासून खाजगी दैनिके निघू लागली. ‘इरावदी’ने रंगूनमध्ये कार्यालय थाटले आणि तिचे अंक रस्त्यावरील विक्रेत्यांकडे उघडपणे मिळू लागले.

पुढील भाग बौद्ध लेखकास लिहिणे सुखाचे नाही. पण तो गाळून हा इतिहास पूर्ण होत नाही. पूर्वतपासणी गेली त्याच वर्षी अराकानात, म्हणजे राखाईन प्रांतात, बौद्ध व मुसलमान यांच्यात हिंसाचार झाला आणि सुमारे एक लाख चाळीस हजार लोक, बहुतांशी रोहिंग्या मुसलमान, बेघर झाले. विराथू या भिक्खूची विद्वेषाची प्रवचने गावोगाव पसरली. जुलै २०१३ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘टाइम’ या अमेरिकन वृत्तसाप्ताहिकाने त्याचे चित्र छापले तेव्हा सरकारने त्या अंकावर बंदी घातली. तपासणी मंडळ गेले होते, पण बंदीसाठी धर्मरक्षणाचे कारण पुरेसे ठरले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिन लिन ऊ या लेखकाने एका साहित्यविषयक सभेत सांगितले की बुद्ध ब्रह्मी नव्हते, शान नव्हते, करेन नव्हते. ज्यांना वंशाचा एवढा अभिमान बाळगावयाचा आहे त्यांनी बौद्ध धम्म मानू नये. यात धम्माविरुद्ध एक अक्षर नाही. तरी जून २०१५ मध्ये त्यांना दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली, तीही कलम २९५-अ खाली. भगवंतांची शिकवण सांगितल्याबद्दल बौद्ध राज्यात बौद्ध लेखक तुरुंगात गेला.

२०१६ मध्ये सू की यांच्या पक्षाचे सरकार आले. जून २०१७ मध्ये ‘इरावदी’च्या एका ज्येष्ठ वार्ताहरास शान प्रांतात सैन्याने पकडले; सप्टेंबरमध्ये त्याची सुटका झाली. २५ ऑगस्ट २०१७ नंतर सैन्याच्या मोहिमेमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांनी बांगलादेशात आश्रय घेतला. इन दिन गावातील दहा रोहिंग्यांच्या हत्येचा शोध घेणाऱ्या रॉयटर्सच्या दोन ब्रह्मी वार्ताहरांना डिसेंबर २०१७ मध्ये अटक झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि सू की यांनी त्या निकालाचे समर्थन केले. मे २०१९ मध्ये ते सुटले. या काळात देशातील बहुसंख्य वाचक सू की यांच्या बाजूस होते व रोहिंग्यांविषयी लिहिणे त्यांना देशद्रोहासारखे वाटे. पत्रेही या दडपणातून सुटली नाहीत. ‘इरावदी’चे रोहिंग्याविषयक लेखन सरकारी भूमिकेच्या फार जवळ जाते, अशी टीका अनेक बाहेरच्या अभ्यासकांनी केली, आणि आमच्या मते ती निराधार नव्हती. वीस वर्षे सेनाधिकाऱ्यांपुढे न वाकलेले पत्र आपल्या वाचकांच्या आवडत्या नेत्यापुढे आणि त्यांच्या पूर्वग्रहापुढे मात्र मऊ झाले. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा बाबासाहेबांनी १९४९ च्या त्याच भाषणात दिलेला इशारा केवळ भारतासाठी होता असे समजण्याचे कारण नाही. आणि जेथून लोक असे पळून गेले, तो प्रांत आपल्या दीक्षागुरूंची जन्मभूमी होता.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी सैन्याने सू की यांचे सरकार उलथून टाकले. ८ मार्च रोजी पाच वृत्तसंस्थांचे परवाने रद्द झाले. त्याच महिन्यात निदर्शनांच्या बातम्यांबद्दल ‘इरावदी’वर कलम ५०५ खाली खटला भरण्यात आला. एखाद्या वार्ताहरावर नव्हे, तर संपूर्ण पत्रावर असा खटला भरला गेल्याचे सत्तापालटानंतरचे हे पहिले उदाहरण. कार्यालयास कुलूप लागले, वार्ताहर पुन्हा सीमेकडे गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये पत्राच्या नोंदणीकृत प्रकाशकास अटक झाली. ऑक्टोबरमध्ये परवाना अधिकृतपणे रद्द झाला. २०२३ मध्ये प्रकाशकास राजद्रोहाबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये मंडालेकडे नेणारा गुन्हा आणि हा गुन्हा यांचे नाव एकच आहे. त्याच वर्षी, जानेवारीत, सैनिकी राजवटीने विराथूस मानाची पदवी दिली आणि ऑगस्टमध्ये नवी राजधानी नेपिडो येथे सेनाप्रमुख मिन आंग हलाइंग यांच्या हस्ते संगमरवराच्या प्रचंड बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली.

२८ मार्च २०२५ रोजी सगाइंग आणि मंडाले यांच्या परिसरात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. मंडालेतील ऊ ह्ला थेन विहाराची इमारत कोसळली तेव्हा तेथे दोनशेहून अधिक भिक्खू धम्मपरीक्षेचे उत्तर लिहीत बसले होते. पाणी, वीज व निवासाची सोय नाही, असे कारण देऊन सैनिकी सरकारने परदेशी वार्ताहरांस येऊ दिले नाही. ढिगाऱ्याखाली किती भिक्खू राहिले, कोणत्या विहारात अन्न पोहोचले आणि कोणत्या गावावर भूकंपानंतरही बाँब पडले, या बातम्या मिळत राहिल्या त्या देशात लपून राहिलेल्या वार्ताहरांच्या भ्रमणध्वनींवरून आणि सीमेपलीकडे गेलेल्या पत्रांमधून. त्यांत ‘इरावदी’ होती.